आकाशातून फुकट मराठी

१३ सप्टेंबर १९९८, रविवार

खात्यात असताना मोठं काम हाती आलं की पहिल्या दिवसापासून टिपण ठेवायची माझी पद्धत होती. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात सगळी नोकरी गेली. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण पद्धत सुटली नाही. म्हणून आजपासून हे लिहितो आहे.

कामाचं कारण असं. सकाळी पुण्याहून अनिकेतचा फोन आला. सुनेचे, अश्विनीचे, डिसेंबरात दिवस भरतात. तिला आई नाही, तेव्हा दिवाळीनंतर वासंतीनं जायचं हे ठरलेलंच आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आज वासंती फोनवर आवाज उतरवून म्हणाली, "परतीचं तिकीट काढू नकोस. बघू मग. मला तिकडेच बरं वाटेल." मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. पेपर वाचणाऱ्या माणसालाही ऐकू येतं, हे तिच्या ध्यानात येत नाही.

उज्जैनमधलं नानाखेड्याचं घर विकून दोघांनी पुण्याला यावं, असा अनिकेतचा हेका आहे. मला मंजूर नाही. शिंद्यांच्या दफ्तरात कारकुनी करायला आमचे पूर्वज माळव्यात आले, ते इथलेच झाले. पुण्यात मी तोंड उघडलं की लोकांना मजा वाटते. मागे एका दुकानात म्हणालो, "चादरी बघून राहिलो आहे." दुकानदार म्हणाला, "बघून कुठे राहणार आजोबा?"

दुपारी जेवताना वासंतीला विचारलं, "इथे तुला काय कमी आहे?"

ती वाढता वाढता म्हणाली, "दिवसभर घरात बोलणं म्हणून कानावर पडत नाही. भांडी वाजतात तेवढीच."

मी विचार केला. बरोबर आहे. ती मिरजेची. इथे दूधवाला हिंदी, शेजार हिंदी, टीव्ही हिंदी. कानावर मराठी पडणार कुठून? मी स्वतः तिला उगाच बोलून त्रास देत नाही. जेवण झालं की 'झालं' म्हणतो आणि उठतो. चौतीस वर्षांत आमचं एकदाही भांडण झालेलं नाही. नातेवाईक आमचं उदाहरण देतात.

तेव्हा काम हे की घरात मराठी आणायची.

१७ सप्टेंबर

केबलवाल्याला भेटलो. म्हटलं, मुंबईचं मराठी चॅनल लाव. तो म्हणाला, "अंकल, पूरी कॉलोनी में मराठी के तीन घर हैं। तीन घर के लिए चैनल कौन डालेगा?" शिवाय मराठीच्या जागी त्याला भक्तीचं चॅनल टाकायचं आहे. उज्जैनमध्ये देवाला जागा कमी आहे का, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

तिथून फ्रीगंजला प्रभाकरच्या दुकानात गेलो. हा आपलाच मराठी माणूस, टीव्ही आणि लाउडस्पीकर दुरुस्त करतो. त्यानं सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. मराठी चॅनल सरकारचं आहे, उपग्रहावरून सगळ्या देशावर सोडलेलं आहे, आणि त्याला महिन्याचे पैसे लागत नाहीत. केबलवाला मध्ये लागतच नाही. "काका, आकाशातून फुकट पडतंय. फक्त झेलायला छत्री पाहिजे."

छत्री म्हणजे डिश. एका बंद पडलेल्या केबलवाल्याची जुनी आठ फुटी जाळीची डिश त्याच्या गोदामात पडून आहे. सोबत रिसीव्हरही देईल.

म्हणजे माझ्या घरावर ही मराठी रोज पडत होती आणि आम्ही खाली बसून हिंदी बघत होतो! मी लगेच हो म्हटलं. वासंतीला सांगितलं नाही. लागल्यावरच कळू दे.

२७ सप्टेंबर

डिश हातठेल्यावरून आली. सांगायचं नाही म्हटलं तरी आठ फुटांची वस्तू लपत नाही. सगळी कॉलनी बाहेर आली. शेजारच्या अहल्या दुबे, शाळेत शिकवतात, त्यांनी विचारलं, "अंकल, ये कौन सी शादी की कढ़ाई है?"

वासंती दारात उभी होती. मी म्हटलं, "मुंबईचं मराठी चॅनल येईल यावर. फुकट." तिनं डिशकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. आनंद झाला असावा. तिला दाखवायची सवय नाही.

दिवाळीची सफाई तिनं यंदा लवकर काढली आहे. एक अख्खं कपाट रिकामं केलं. लोणच्याच्या बरण्या अहल्याबाईंना दिल्या. मिरजेहून आणलेली पितळेची परात घासून, कापडात बांधून ठेवली आहे.

२ ऑक्टोबर

काल दसऱ्याच्या मुहूर्तावर छतावर खांब रोवला. आज प्रभाकर आला. त्यानं डिश बसवली, तार खाली टीव्हीपर्यंत आणली, रिसीव्हर जोडला. डिशच्या तोंडासमोर तीन दांड्यांवर एक डबा असतो, त्याला एलएनबी म्हणतात. डिश आकाशातून गोळा करते आणि त्या डब्यात टाकते, असं साधारण काम आहे. डिशचं तोंड आग्नेयेला, उपग्रहाकडे, अचूक पाहिजे. एवढ्यातेवढ्यानं चुकलं तरी काही दिसत नाही.

प्रभाकरनं अर्धा तास खटपट केली. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. मग त्याला निरोप आला. निवडणुकीच्या सभेला लाउडस्पीकर लावायचा होता. "काका, चुनाव होऊ द्या, मग निवांत लावून देतो." रिसीव्हरवर कुठला आकडा ठेवायचा ते सांगून गेला.

निवडणूक नोव्हेंबरच्या शेवटी. वासंतीचं जाणं दिवाळीनंतर लगेच. म्हणजे मलाच लावावं लागेल. त्यात काय? जन्मभर कोन आणि दिशा यांचंच काम केलं. होकायंत्र आहे, कोनमापक आहे, ओळंबा आहे. दोन दिवसांचं काम.

५ ऑक्टोबर

दोन दिवसांत झालं नाही.

अडचण वेगळीच आहे. डिश छतावर आणि टीव्ही खाली. मी वर डिश हलवणार, तेव्हा खाली काय दिसलं ते मला कोणी सांगायला पाहिजे. म्हणून वासंतीला टीव्हीसमोर बसवलं. तिनं पदर खोचला आणि बसली. खिडकी उघडी ठेवली.

मी वरून ओरडायचं, "आलं का?" तिनं खालून ओरडायचं, "नाही!"

सकाळभर हेच चाललं. मग ती म्हणाली, खिडकीकडे वळून वळून माझी मान दुखेल, मी जिन्यात उभी राहते. आता ती जिन्याच्या मधल्या पायरीवरून टीव्हीही बघते आणि मला उत्तरही देते. ही तिची युक्ती चांगली आहे.

दुपारी एकदम ओरडली, "थांबा! थांबा! हलवू नका!"

मी धावत खाली आलो. टीव्हीवर चित्र होतं. पण मराठी नव्हतं. चीन की कुठली एक बाई स्वयंपाक करत होती. भाषेचं एक अक्षर कळेना. उपग्रह चुकला होता. मी परत वर निघालो तर वासंतीनं माझा सदरा धरला. "हलवू नका म्हटलं ना. ती काय करतेय ते बघू द्या."

ती बाई लांब सुरीनं भाजी इतकी बारीक चिरत होती की आरपार दिसावं. वासंती शेवटपर्यंत बघत बसली. मग म्हणाली, "दुधीच होता हो तो." आणि हसली. खूप हसली. मला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही, पण मीही हसलो.

रात्री दुधी होता. आरपार दिसत होता.

८ ऑक्टोबर

आज दक्षिणेतलं एक चॅनल आलं. केरळचं असावं. बातम्या चालल्या होत्या. त्याच्या जवळच आपलं मराठी असणार, असा माझा हिशेब. वासंतीचं म्हणणं की आता उंची तीच ठेवून बाजूला सरकवत जा. मी म्हटलं, आधी कोन बघावा लागेल. ती म्हणाली, काल कोन बदलला तेव्हाच तर गेलं सगळं. तिचं म्हणणं करून बघितलं. केरळ गेलं आणि काहीच आलं नाही.

ओरडून ओरडून दोघांचे घसे बसले आहेत. तिनं हळदीचं दूध केलं. पिताना उद्या काय करायचं ते बोलत बसलो. जेवण झाल्यावरही बसलो. चॅनल लागलं की हा सगळा त्रास वाचेल.

तुळशीची कुंडी दिसली नाही म्हणून विचारलं. म्हणाली, अहल्याकडे दिली, तिच्याकडे पाणी नीट होईल. आपल्याकडे पाणी कमी येतं हे खरं आहे.

११ ऑक्टोबर

आज लिहावं की नाही, असं वाटलं. पण टिपण खरं ठेवायचं तर लिहिलं पाहिजे. आमचं भांडण झालं.

मी विचारलं, "आलं का?" ती म्हणाली, "काहीतरी दिसतंय." मी विचारलं, काहीतरी म्हणजे काय? ती म्हणाली, काहीतरी म्हणजे काहीतरी. मी वरून ओरडलो की नीट बघून सांगता येत नाही का, खात्यातला शिपाईसुद्धा याहून बरं सांगायचा. त्यावर ती जिना चढून वर आली. पहिल्यांदाच आली. म्हणाली, "मग शिपायालाच बोलवा! चौतीस वर्षं या घरात मला काय दिसतंय ते कोणी विचारलं नाही, आणि आता विचारलं तर तेही ओरडून!"

मी म्हटलं, ओरडणार नाही तर ऐकू कसं येणार? ती म्हणाली, खाली येऊन विचारलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, खाली आलो तर डिश कोण धरणार? असं बराच वेळ चाललं. पलीकडच्या छतावर अहल्याबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार. मराठी कळत नाही म्हणतात, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं.

आमचं उदाहरण देणाऱ्या नातेवाईकांना आता काय सांगायचं? दिवसभर मन खट्टू होतं. नवल म्हणजे वासंतीचं नव्हतं. संध्याकाळी पोहे करताना गुणगुणत होती. मला म्हणाली, "मला काय दिसलं ते सांगू का? उभ्या रेघा होत्या, आणि मागे एका माणसाची सावली हलत होती. टोपी असावी."

हे मघाशीच सांगता आलं असतं.

१४ ऑक्टोबर

स्टुलावरून पडलो. एलएनबी फिरवत होतो, स्टूल सरकलं. डावा पाय मुरगळला. डॉक्टरनं पट्टा बांधला आणि दिवाळी होईपर्यंत जिना चढायचा नाही म्हणून बजावलं.

वासंती माझ्यावर रागावली नाही. पाय उशीवर ठेवून दिला, शेजारी बसली आणि म्हणाली, "लागलं फार?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "खरं सांगा." मग मी हो म्हटलं.

काम संपलं असं धरून चालायला हरकत नाही. दिवाळी सोमवारी. त्यानंतर ती जाणार. तिच्या दोन बॅगा भरूनही झाल्या आहेत. एका बाळंतपणाला एवढं सामान लागतं हे मला माहीत नव्हतं.

१६ ऑक्टोबर

वासंती सकाळी चहा झाल्यावर उठली, माझी पाना आणि पक्कड असलेली पिशवी घेतली आणि म्हणाली, "मी वर जाते. तुम्ही बसा टीव्हीपुढे."

मी म्हटलं, तुला जमणार नाही. ती जिन्यात पोचलीसुद्धा होती.

आता मी खुर्चीत, पाय स्टुलावर, खिडकी उघडी. वरून तिचा आवाज आला, "आलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"नाही म्हणजे? काय दिसतंय ते सांगा!"

सांगायला गेल्यावर कळलं की हे सोपं नाही. मुंग्या म्हणजे सगळ्या सारख्याच नसतात. कधी दाट असतात, कधी विरळ, कधी वरून खाली पळतात. मी तसं सांगू लागलो. "मुंग्या दाट! आता विरळ! डावीकडून पट्टा आला! गेला!" शेजारपाजारच्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

मधे बराच वेळ वरून काही विचारलं नाही. नुसता बोलण्याचा आणि हसण्याचा आवाज. अहल्याबाई मधली भिंत ओलांडून आल्या होत्या. त्या डिशची कड धरत होत्या आणि ही पाना फिरवत होती. वासंती त्यांना सांगत होती, "इधर से हमारा पूरा मोहल्ला दिखता है, मैंने कभी देखा ही नहीं।" त्या भांडणाच्या दिवसाआधी, एवढी वर्षं या घरात राहून, ती छतावर गेलीच नव्हती की काय? कपडे तर मागच्या अंगणात वाळतात. खरंच गेली नसेल.

तिला खिडकीतून दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा उत्तर आलं. मला उगाच करमेना.

२० ऑक्टोबर

काल लक्ष्मीपूजन झालं. अनिकेतचा फोन आला. रविवारच्या बसचं वासंतीचं तिकीट झालं आहे. इंदूरहून बस. इंदूरपर्यंत मी पोचवीन.

फोन झाल्यावर मी म्हटलं, आता डिश राहू दे, तुझी जायची तयारी आहे. ती म्हणाली, "तयारी कधीच झालीय. चला, बसा टीव्हीपुढे."

२२ ऑक्टोबर

आलं.

सकाळी कोवळं ऊन होतं. वासंती वर, अहल्याबाई वर, मी खाली. तिनं आज ठरवलं होतं की डिश केरळवर आणून तशीच ठेवायची आणि फक्त तो डबा फिरवत जायचा. ओरडून सांगत होतो. "मुंग्या! मुंग्या विरळ! रेघा! उभ्या रेघा! सावली! अगं, सावलीला टोपी आहे! थोडं आणखी! माणूस! वासंती, माणूस आला!"

"बोलतोय का?"

"बोलतोय!"

"काय बोलतोय?"

मी कान दिला. टोपीवाला माणूस स्वच्छ मराठीत सांगत होता की कांद्याची चाळ बांधताना खालून हवा खेळती ठेवावी.

"कांदा!" मी ओरडलो. "कांदा म्हणतोय!"

वरून दोघींचा हसण्याचा असा आवाज आला की रस्त्यावरचा भाजीवालाही थांबला. त्यालाही कांद्याचंच विचारताहेत असं वाटलं असावं. यंदा कांदा चैनीची वस्तू झाला आहे.

वासंती खाली आली. हाताला वंगण, कपाळावर वंगण. आम्ही दोघांनी कांद्याचा तो कार्यक्रम पुरा बघितला. अहल्याबाईंनीही बघितला. मग एक बाई आली आणि शेतीच्या सल्ल्याबद्दल त्या माणसाचे आभार मानून पुढचा कार्यक्रम सांगू लागली. तिच्या मराठीत एकही हिंदी शब्द नव्हता. वासंतीचे डोळे भरले होते. मी म्हटलं, मिरजेची आठवण आली का? ती म्हणाली, "नाही हो. वंगणाचा हात लागला."

काम फत्ते. आता तिला जायचं कारण उरलं नाही. म्हणजे बाळंतपणाला जाईल, पण राहणार नाही.

२३ ऑक्टोबर

सकाळपासून टीव्ही चालू ठेवला. घरात मराठीच मराठी. दुपारी मी म्हटलं, "अनिकेतला सांगून टाक, परतीचं तिकीटही काढ."

ती टीव्हीकडे बघत म्हणाली, "बघू."

मी चकित झालो. म्हटलं, आता बघू कशाला? तू म्हणालीस घरात बोलणं कानावर पडत नाही. एवढा खटाटोप करून आणलं ना तुझ्यासाठी? पाय मोडून घेतला!

तिनं उठून आवाज बारीक केला. माझ्याकडे वळून बसली. "माझ्यासाठी आणलंत हे?"

"मग कोणासाठी? मला कांद्याची चाळ बांधायचीय का?"

 ती म्हणाली, "मी मराठी म्हटलं नव्हतं हो. बोलणं म्हटलं होतं."

"तेच ते."

"तेच कसं?" तिनं टीव्हीकडे बोट केलं. "ही बाई सुंदर बोलते. पण मी हिला काही सांगितलं तर ती ऐकते का? दोन आठवडे तुम्ही वरून ओरडत होतात ना, मला काय दिसतंय, काय दिसतंय म्हणून..." ती चहा ठेवायला उठली.

म्हणजे ओरडणं तिला आवडत होतं? मग त्या दिवशी भांडली का?

विचार करतो आहे. अजून नीट लागत नाही. चहा घेताना मी तिला विचारलं, "आत्ता तुला काय दिसतंय?" ती आधी हसली, मग खरंच सांगत बसली. अश्विनीबद्दल, तिच्या स्वतःच्या बाळंतपणाबद्दल, अनिकेत झाला तेव्हा मी दौऱ्यावर होतो त्याबद्दल. मला माहीत नसलेलं बरंच होतं. चहा गार झाला.

२५ ऑक्टोबर

ती गेली. इंदूरला बसमध्ये बसवून आलो. बस सुटताना खिडकीतून काहीतरी म्हणाली, ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी ओरडून विचारलं, "काय?" तिनं हात हलवला.

३ नोव्हेंबर

चॅनल उत्तम दिसतं. सकाळी बातम्या, दुपारी बायकांचा कार्यक्रम, संध्याकाळी गाणं. परवा एका वक्त्यानं आमच्या माळव्याबद्दल चुकीचं सांगितलं. मी म्हटलं, "अहो, असं नाही ते." तो बोलतच राहिला.

पाय बरा आहे. पट्टा सोडला. कोपऱ्यावरच्या पीसीओमधून पुण्याला फोन केला. घरच्या फोनला एसटीडी नाही. काय बोलायचं ते ठरवून गेलो नव्हतो. वासंतीनं विचारलं, "काय विशेष?" मी म्हटलं, विशेष काही नाही. मग सांगितलं की तुळशीला मंजिऱ्या आल्यात, अहल्याबाईंच्या दारात जाऊन पाहिल्या. प्रभाकर तिन्ही पक्षांच्या सभांना तोच लाउडस्पीकर लावतो. दुधी मी चिरून बघितला, जाड झाला. बूथवाला मला काचेतून बघत होता, कारण मी छतावरून बोलावं तसा बोलत होतो.

९ नोव्हेंबर

पुन्हा फोन. आता एक दिवसाआड करतो. वासंती म्हणाली, "अनिकेत विचारतोय, अण्णा एवढं बोलायला कधी लागले." मी म्हटलं, सांग त्याला, दसऱ्यापासून.

ती परत कधी येणार ते विचारलं नाही. विचारायची भीती वाटते, हे इथेच लिहितो.

२२ नोव्हेंबर

वानरांनी घात केला. आठ-दहांची टोळी आली आणि डिश म्हणजे जणू त्यांच्यासाठीच टांगलेला झोका. दोन पिल्लं मधोमध बसून एकमेकांच्या उवा बघत होती. मी काठी घेऊन वर जाईपर्यंत डिशचं तोंड महाकालाकडे झालं होतं.

टीव्हीवर मुंग्या.

बूथवर जाऊन वासंतीला सांगितलं. ती म्हणाली, "खांबाची खूण जुळते का बघा. मी खडूनं रेघ मारली होती." मी घरी जाऊन पाहिलं, परत बूथवर आलो. रेघ पुसली होती. ती म्हणाली, "मग डबा हलला का?" पुन्हा घरी, पुन्हा बूथवर. डबाही हलला होता. ती हसायला लागली. "एकट्याला नाही जमायचं ते."

मी म्हटलं, "नाहीच जमत."

  ती म्हणाली, "पाय कसा आहे?"

प्रभाकर चुनाव झाल्यावर मोकळा होईल. त्याला बोलावणार नाही.

८ डिसेंबर

मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाव ऋता ठेवणार आहेत. बूथवाल्यानं पेढे मागितले. मी सगळ्या रांगेला दिले.

३ जानेवारी १९९९, पुणे

नातीला बघायला आलो आहे. बारीक आहे, पण आवाज खणखणीत आहे. वरून खाली सहज ऐकू जाईल.

वासंतीबरोबर सकाळी फिरायला जातो. ती रस्त्यातलं सगळं दाखवत असते आणि मी विचारत असतो. वाण्याच्या दुकानात म्हणालो, "साबण बघून राहिलो आहे." मुलगा हसला. विचारलं, "कुठले काका तुम्ही?" मी म्हटलं, "उज्जैनचा. तिकडे असंच बोलतात. ऐकायला गोड आहे की नाही?" तो म्हणाला, आहे.

१० जानेवारी, पुणे

आज जेवताना अनिकेतनं विषय काढला. अश्विनीच्या मावशी आता येऊन राहताहेत, बाळाची काळजी नाही. आई इथेच राहील, अण्णा तुम्ही घराचं गिऱ्हाईक बघा. मी ताटाकडे बघत बसलो.  पुण्यात वासंतीची बहीण आहे, नात आहे, सगळीकडे मराठी आहे. मी काय देणार?

शेवटी म्हटलं, "वासंती, तुला काय वाटतं ते सांग. तू सांगशील तसं करू."

माझ्या लक्षात आलं की अनिकेत, अश्विनी, दोघंही माझ्याकडे बघताहेत.

वासंतीनं सावकाश पोळीचा तुकडा मोडला. "घर विकायचं नाही इतक्यात," ती म्हणाली. "उन्हाळ्यात आम्ही दोघं येऊ, ऋता बसायला लागली की. सध्या दोन तिकिटं काढ उज्जैनची. गच्चीवरचं काम अर्धं राहिलंय."

२१ जानेवारी, उज्जैन

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी परत आलो. आल्या दिवशी वासंती म्हणाली, उद्या डिश लावू. दुसऱ्या दिवशी अहल्याबाई तिळगूळ घेऊन आल्या, गप्पांत दुपार गेली. परवा ऋताचे फोटो धुवून आले. ते दोघांनी मिळून बघितले, कोणाचं नाक यावर वाद झाला, मिटला नाही. काल फ्रीगंजला दोघं चालत गेलो, तिनं कधी न पाहिलेली माझी जुनी कचेरी दाखवली.

टीव्हीवर अजून मुंग्याच आहेत. वेळच मिळत नाही.

आज मात्र ठरवून, ऊन उतरल्यावर पाना घेऊन वर गेलो. मी डिशची कड धरली. वासंतीनं खाली टीव्हीपुढे जायचं होतं, पण ती चहाचे दोन कप घेऊन वरच आली. म्हणाली, आधी चहा घ्या. कठड्याला टेकून बसलो. थंडी छान होती. मी तिला विचारलं, त्या दिवशी बसच्या खिडकीतून काय म्हणाली होतीस. ती म्हणाली, सांगते. मग ते सांगण्याआधी काय झालं ते सांगू लागली, आणि त्याच्याही आधीचं, मिरजेपासूनचं. मी मधे मधे विचारत होतो. अंधार पडला तसे कप घेऊन खाली आलो.

पाना वरच राहिला.